वादळात नेटवर्क गेलं तर धंदा कसा चालू ठेवायचा? कोकणातल्या व्यावसायिकांसाठी सॅटेलाईट बॅकअप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होमस्टेवाले, आंबा कॅनिंगवाले, बर्फाचे कारखाने, पतसंस्था, ट्रान्सपोर्टवाले, मच्छीचे व्यापारी, मे महिना लागला की सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. सगळं वाचायला वेळ नसेल तर नसू दे, पण विजेचा आणि ओटीपीचा प्रश्न तेवढा सोडू नका, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

आमच्याकडे फायबर आहे, वर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं आहेत. मग सॅटेलाईट कशाला?

कारण ही तिन्ही एकदमच जातात. दोन्ही कंपन्यांचं फायबर एकाच रस्त्याच्या कडेने येतं, आणि सिमं दोन असली तरी टॉवर बऱ्याचदा एकच असतो, सांगाडा एक आणि त्यावर अँटेना वेगवेगळे. लाईट गेली की टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, मग जनरेटरवर, आणि जनरेटरला डिझेल पोचवायचं तर रस्ता चालू असायला हवा. तोच तर नसतो ना.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, वारा ताशी ११०-१२० किलोमीटरचा, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी वाड्यांना त्यानंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते तर आपल्या किनाऱ्यावर चढलंसुद्धा नाही, समुद्रातून वर गुजरातला गेलं, तरी जाता जाता नुकसान करून गेलं. आणि २२ जुलै २०२१ चा पूर चिपळूण आणि महाडवाल्यांना वेगळा सांगायला नको, वाशिष्ठीच्या पुलाचा भाग वाहून गेला आणि हायवेच बंद पडला.

सॅटेलाईट लिंकचं एक टोक आकाशात असतं आणि दुसरं, म्हणजे कंपनीचं हब, आपल्या पुरापासून लांब कुठल्यातरी शहरात. मध्ये तुमच्या तालुक्यातला एकही पोल, टॉवर किंवा खोदलेला रस्ता येत नाही. तुमच्याकडची डिश आणि बॅटरी शाबूत राहिली की झालं. एवढ्यासाठीच ती हवी, रोजच्या वापरासाठी नाही.

यात प्रकार किती आणि आम्ही कुठला घ्यायचा?

ढोबळमानाने तीन. पहिला व्हीसॅट, म्हणजे पेट्रोल पंपाच्या किंवा एटीएमच्या छतावर दिसते ती डिश, साधारण १.२ मीटरची. तिचा उपग्रह विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवर एकाच जागी उभा असल्यासारखा असतो. भारतात ह्यूजेस, नेल्को अशा परवानाधारक कंपन्या ही सेवा देतात, इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ वर जास्त क्षमतेची सेवा २०२२ पासून आहे. दुसरा सॅटेलाईट फोन, बोलणं आणि एसएमएस यासाठी, डेटा नावापुरता. तिसरा म्हणजे खालून फिरणाऱ्या उपग्रहांचं इंटरनेट, स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, वनवेबचे १,२०० वर.

माझं मत विचाराल तर पतसंस्था, कोल्ड स्टोरेज, एक्स्पोर्टवाले यांनी व्हीसॅट घ्यावा, आणि ज्यांना फक्त चार फोन करून माणसं आणि गाड्या हलवायच्या आहेत त्यांनी सॅटेलाईट फोनचा विचार करावा.

स्टारलिंकची वाट बघू का?

२०२५ च्या जूनमध्ये त्यांना भारतातला परवाना मिळाला, वनवेब आणि जिओकडे तो आधीपासून होता. पण परवाना मिळणं वेगळं आणि तुमच्या पत्त्यावर, तुमच्या जीएसटी नंबरवर बिल होऊन कनेक्शन चालू होणं वेगळं. बिल हातात येईल तेव्हा ते तुमचं, तोवर येत्या पावसाळ्याची सोय दुसऱ्या कशावर तरी करून ठेवा. परदेशातून आणलेली किट कुणी विकत असेल तर त्याच्या वाऱ्याला उभं राहू नका.

मेव्हणा बोटीवर आहे, तो थुरायाचा सॅटेलाईट फोन आणतो म्हणतोय. चालेल?

नाही. अजिबात नाही. आपल्याकडे घरटी कोणीतरी मर्चंट नेव्हीत नाहीतर आखातात आहे आणि तिकडे हे फोन सहज मिळतात, म्हणून हा प्रश्न सारखा येतो. भारतात थुराया आणि इरिडियमचे फोन परवानगीशिवाय आणणं, जवळ बाळगणं, वापरणं बेकायदा आहे, २६/११ नंतर तर किनारपट्टीवर यावर बारीक नजर असते आणि फोन चालू केला की सिग्नल टिपला जातो. मदत मागायला फोन लावाल आणि दारात चौकशी येईल. खिशातल्या सॅटेलाईट मेसेंजरमुळे परदेशी पर्यटकांनाही विमानतळावर अडवलेलं आहे. सरळ मार्ग म्हणजे बीएसएनएलची इनमारसॅट उपग्रहांवर चालणारी सेवा, २०१७ पासून आहे. अर्ज, कागदपत्रं, कारण, सगळं द्यावं लागतं आणि वेळ लागतो, म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच करा. फोनसोबत परवानगीच्या कागदाची प्रत प्लास्टिकमध्ये घालून ठेवा, नाक्यावर विचारलं तर दाखवता आली पाहिजे.

आणि हा फोन घरात बसून लागत नाही. बाहेर यायचं, अँटेना उघडायचा, दक्षिणेकडचं आकाश मोकळं पाहिजे, मग थोडा वेळ थांबून सिग्नल धरतो. हे ज्याने एकदा हाताने करून बघितलेलं नाही त्याला ऐन वादळानंतर जमत नाही.

आपल्याकडचा पाऊस बघता डिश चालणार तरी का?

खरा मुद्दा. पावसाचे थेंब सिग्नल खातात, आणि फ्रिक्वेन्सी जितकी वरची तितके जास्त खातात. केए बँडला सगळ्यात जास्त त्रास, केयू बँडला त्याहून कमी, सी बँडला फारच थोडा पण त्याची डिश मोठी लागते, आणि सॅटेलाईट फोन ज्या एल बँडवर चालतात त्याला पावसाने जवळजवळ फरकच पडत नाही. डीटीएचचं चित्र मुसळधार सर आली की जातं आणि सर ओसरली की येतं, तसंच हे.

पण नीट लक्षात घ्या, लिंक दिवसभर जात नाही, सर अगदी कोसळत असते तेवढा वेळ जाते. आताचे मोडेम पाऊस वाढला की आपोआप स्पीड उतरवतात आणि लिंक धरून ठेवायला बघतात, म्हणजे काम हळू चालतं पण चालतं. तेव्हा योजनाच अशी करा की पाच-दहा मिनिटांची उघडीप मिळाली तरी महत्त्वाचं सगळं जाऊन येईल. कंपनीला स्पष्ट विचारा, बँड कुठला, आणि आमच्या पावसाचा हिशोब धरून डिशचा आकार ठरवलाय का? कोरड्या भागातलं कोटेशन तसंच्या तसं चिकटवलेलं असतं कधीकधी. एक साइज मोठी डिश घ्यावी लागली तर घ्या, कोकणात तो खर्च वाया जात नाही.

डिश बसवायची कुठे?

रत्नागिरीतून ७४ अंश पूर्वेचा उपग्रह जवळजवळ नेमका दक्षिणेला आणि आकाशात ७० अंश वर येतो, म्हणजे डोक्यावरच म्हणा ना. त्यामुळे समोरच्या इमारतीचा त्रास नाही, पण माडाच्या झावळ्यांचा आहे. बागेत बसवायची तर झावळी वाऱ्याने हलून कुठपर्यंत येते ते बघा, नुसतं स्थिर झाड बघू नका.

वाऱ्याचा हिशोब असा. १.२ मीटरच्या डिशवर ताशी ११० किलोमीटरचा वारा समोरून आला तर ८०-९० किलोचा रेटा बसतो. पत्र्याच्या शेडवर किंवा कौलांच्या वाशाला ती कधीच बांधू नका, पत्रा घेऊन जाईल. स्लॅबवर अँकर बोल्टने नाहीतर जमिनीत काँक्रीटच्या पायावर. वादळाचा इशारा आला की रिफ्लेक्टर, म्हणजे डिशची वाटी, उतरवून आत ठेवायचा असंही करता येतं, मात्र पोलवर आणि ब्रॅकेटवर ऑइलपेंटने खुणा करून ठेवा म्हणजे परत चढवताना दिशा शोधत बसायला लागणार नाही.

खारा वारा हा वादळापेक्षा मोठा शत्रू आहे, तो रोज काम करतो. किनाऱ्याजवळ लावलेला केबलचा कनेक्टर दोन पावसाळ्यांनी उघडून बघा, आतली तांब्याची तार हिरवी झालेली असते आणि जाळीची पावडर हातात येते. वरून सगळं ठीक दिसतं. म्हणून नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, कनेक्टरवर वॉटरप्रूफ रबर टेप ताणून गुंडाळलेली, आणि केबल आत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकतं, आत येत नाही. अर्थिंगही बघून घ्या. जांभ्याच्या कातळात नुसता रॉड ठोकून अर्थिंग होत नाही, मीटर लावून मोजून घ्या, कारण मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा मोडेम जळतात.

लाईट नसेल तर किती वेळ चालेल?

घरातली १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी धरा. कागदावर १,८०० वॉट-तास, प्रत्यक्षात इन्व्हर्टरचा तोटा आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही हे धरलं तर १,१०० च्या आसपास. व्हीसॅटचा मोडेम आणि डिशवरचं युनिट मिळून ५०-६० वॉट, राउटर १०, लॅपटॉप ५०. सगळं मिळून १२० वॉट. म्हणजे सतत चालवलं तर नऊ तास, संपलं. पण रोज ठरलेल्या वेळी चार वेळा अर्धा-अर्धा तास चालू केलं तर तीच बॅटरी चार दिवस पुरते. जनरेटर घेण्याआधी हे वेळापत्रक करा, फुकट आहे. सोलर चांगलंच, पण जुलैच्या ढगात ते कागदावरच्या आकड्यासारखं देणार नाही.

आणि बॅटरी जमिनीवर ठेवू नका. चिपळूणच्या पुरात एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची रोकड सांभाळत बसच्या टपावर तासन् तास बसून होते, पाणी किती चढलं होतं याचा त्यावरून अंदाज करा. बॅटरी, मोडेम, हिशोबाचा कॉम्प्युटर सगळं माडीवर गेलं पाहिजे, बाजारपेठेत दुकान असेल तर वरच्या मजल्यावर कोणाकडे तरी कोपरा मागून ठेवा.

स्पीड किती मिळतो? टॅली, सीसीटीव्ही सगळं चालेल ना?

सीसीटीव्ही विसरा. ५१२ केबीपीएसची लिंक धरली तर सेकंदाला ६४ केबी. २०० केबीची बुकिंगची यादी तीन-चार सेकंदांत जाते, ५ एमबीचा एक फोटो सव्वा मिनिट घेतो, आणि २०० एमबीचा टॅली बॅकअप जवळजवळ तास. म्हणून रोजचा पूर्ण बॅकअप फायबर चालू असतानाच क्लाउडवर जाऊ द्या, आणि वादळात फक्त त्या दिवशीच्या नोंदी पाठवा. कोणत्या नोंदी, ते आत्ता बसून ठरवा. पतसंस्थेत दिवसाचा जमा-नावे, होमस्टेत येणाऱ्या पाहुण्यांचे फोन नंबर, ट्रान्सपोर्टमध्ये कुठली गाडी कुठे अडकली, मच्छीवाल्याला कुठल्या कंटेनरचं तापमान चढतंय. आडव्या रेघांच्या एका पानावर मावलं पाहिजे. मावत नसेल तर तुम्ही अजून गरज आणि सवय वेगळी केलेली नाही.

हे ठरवूनसुद्धा लिंक भलतंच कोणीतरी खातं. विंडोजचा अपडेट, मोबाईलमधले फोटो आपोआप वर जाणं, व्हॉट्सॅपचे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ. राउटरमध्ये आधीच सगळं बंद करून फक्त हवी ती चार-पाच ठिकाणं उघडी ठेवा, आणि त्याचा वायफाय पासवर्ड दोघांनाच द्या.

शिवाय ३६,००० किलोमीटर वर आणि तेवढंच खाली, असं जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. व्हॉट्सॅप मेसेज, ईमेल यांना काही वाटत नाही, पण दूरचा कॉम्प्युटर स्क्रीनवर चालवायला गेलात तर माऊस मागून येतो. हेड ऑफिसचा व्हीपीएन, म्हणजे ऑफिसशी जोडणारी कुलूपबंद लाइन, असेल तर आणखी हळू होतं, कारण लिंक वेगवान करायच्या व्हीसॅटच्या युक्त्या बंद पाकिटावर चालत नाहीत. यावर कंपनीच्या माणसाशी आधीच बोला.

इंटरनेट चालू झालं पण बँकेचा ओटीपीच येत नाही, काय करायचं?

हा प्रश्न वादळ येऊन गेल्यावर विचारला जातो, आधी कोणाच्या डोक्यातच येत नाही! डिश आहे, बॅटरी आहे, नेटबँकिंगचं पान उघडलंय, पगार आणि डिझेलवाल्याचे पैसे पाठवायचे आहेत, आणि ओटीपी येतो तो मोबाईलच्या एसएमएसवर, मोबाईलचा टॉवर तर आडवा झालाय.

उपाय आहे. जिओ आणि एअरटेल दोघांचं वायफाय कॉलिंग २०२० च्या आसपासपासून आहे, ते चालू असलं तर टॉवर नसताना वायफायवरून फोन लागतात आणि बऱ्याच हँडसेटवर एसएमएसही येतात. बऱ्याच म्हणजे सगळ्या नाही. म्हणून आजच करून बघा. बँकेला जो नंबर जोडलाय तो फोन फ्लाइट मोडवर टाका, नुसतं वायफाय चालू करा, आणि बँकेच्या साइटवरून ओटीपी मागवा. आला तर तुमचं निम्मं काम झालं. नाही आला तर सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू आहे का बघा, हँडसेट बदलून बघा, आणि तरीही नाही तर बँकेत जाऊन एसएमएसशिवायची सोय मागा, ॲप किंवा टोकन जे असेल ते. मालक मुंबईत राहतो आणि ओटीपी त्याच्या फोनवर जातो असं असेल तर उलट बरं, मुंबईचा टॉवर चालू असतो, तो सॅटेलाईटवरच्या मेसेजने आकडा कळवू शकतो, पण मग ओटीपीची मुदत संपायच्या आत कळवला पाहिजे, दोन्हीकडचे एकाच वेळी बसलेले पाहिजेत.

फिरतं ऑफिस करता येईल का? गाडीवर डिश लावून?

येतं, आणि कोकणासाठी मला हे सगळ्यात पटतं. न्यूज चॅनेलची ओबी व्हॅन बघितलीच असेल. तेवढी मोठी नको, पेटीत मावणारी, घडी होणारी डिश मिळते, बोलेरो किंवा पिकअपच्या मागे टाकायची, जागेवर पोचून उभी करायची. स्वतःहून उपग्रह शोधणारी महाग असते, हाताने लावायची स्वस्त, पण त्यासाठी शिकलेला माणूस लागतो. चालत्या गाडीत चालणारी वेगळीच, तिची गरज आपल्याला नाही.

गाडी थांबवायची सड्यावर. खाली बाजारपेठ नदीकाठी किंवा खाडीकाठी असते, सड्याला पूर येत नाही आणि आकाश चहूबाजूंनी मोकळं. पण वारा चालू असताना किंवा विजा होत असताना वर जायचं नाही, हे गाडी चालवणाऱ्याला दहा वेळा सांगा. सगळं शांत झाल्यावर जायचं. डिश चालू असताना तिच्या तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही.

दोन गोष्टींचा आग्रह धरतो. एक, सामान घाटाच्या अलीकडे असलं पाहिजे. पुण्याहून किंवा कोल्हापूरहून गाडी पाठवतो असं कोणी म्हणालं तर विचारा, कुंभार्ली, आंबा, वरंधा बंद असले तर कुठून आणणार? दरड कोसळली की इंजिनिअर घाटमाथ्यावर आणि आपण खाली. दोन, व्हीसॅटची जागा कागदोपत्री नोंदलेली असते, डिश हलवायची असेल तर कंपनीकडून तशी फिरती सेवा लेखी घ्या. आपल्या मनाने उचलून दुसऱ्या गावात लावायची नाही.

एकट्याला झेपत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून घ्या, व्यापारी संघाने घेतली तर फारच उत्तम, फक्त सेवा कोणाच्या नावावर आणि कोणाकोणाला वापरता येईल हे कंपनीला विचारून करा.

गिऱ्हाईकांकडून पैसे कसे घ्यायचे?

रोकड. यूपीआय लाईट एक्स नेटशिवाय चालतं पण दोन्ही फोनला एनएफसी, म्हणजे फोन जवळ धरून पैसे पाठवायची सोय, लागतं, बाजारात किती जणांकडे आहे ते तुम्हाला माहितीये. इशारा आला की सुट्ट्यासकट रोकड काढून ठेवा आणि उधारीची वही कोरडी ठेवा.

आमच्या बोटी समुद्रात असतात, त्यांचं काय?

तिथे धंद्याच्या आधी माणसं. सरकारच्या योजनेत बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर बसवतात, देशभरात एक लाख बोटींसाठी, ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमातच त्याची सुरुवात झाली. मोबाईलची रेंज संपल्यावरही तांडेलाला हवामानाचा इशारा मिळतो आणि तो संकटाचा संदेश पाठवू शकतो. मत्स्यव्यवसाय खात्याकडून बसवून घ्या, आणि बसवलाय तर बंद करून ठेवू नका. मोठ्या जहाजांसाठी व्हीसॅटची परवानगी २०१८ च्या नियमांपासून आहे.

हॅम रेडिओ का नाही?

हॅम म्हणजे हौशी लोकांचा परवान्याचा वायरलेस. बचावकार्यात हॅमवाले देवासारखे धावतात, पण त्यांच्या परवान्यात धंद्याचं बोलणं बसत नाही. तुमच्या मालाच्या गाड्या त्यावरून हलवता येणार नाहीत.

कोटेशन घेताना काय विचारू?

ठरलेली बँडविड्थ किती आणि वाटून घेतलेली किती, कारण वादळाच्या दिवशी सगळेच एकदम वापरतात. पावसाळ्याचे चार महिनेच घ्यायची सोय आहे का? परवानग्या कोण काढणार? सुटा मोडेम आणि डिशवरचं युनिट आमच्याकडे ठेवणार का? रत्नागिरी किंवा कुडाळमध्ये राहणारा माणूस आहे का, का तक्रार केली की मुंबईहून येणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर पुढचा माणूस बघा.

सराव करायला पाहिजे का?

पाहिजेच. आगोटीची बेगमी करतो ना मेमध्ये, पत्रे बांधतो, लाकडं भरतो, त्याच आठवड्यात एक दुपार काढा. फायबरची वायर काढा, सगळ्यांचा मोबाईल डेटा बंद करा, मेन स्विच पाडा आणि त्या एका पानावरच्या नोंदी पाठवून दाखवा. ज्याला सगळं येतं त्याला त्या दिवशी मुद्दाम बाहेर पाठवा. पासवर्ड, कंपनीचा नंबर, ग्राहक क्रमांक कागदावर लॅमिनेट करून मोडेमशेजारी.

आमचं लहान दुकान आहे, एवढं सगळं परवडत नाही.

मग घेऊ नका, खरंच. तुमच्यासाठी तीन बिनखर्चाच्या गोष्टी आहेत. वायफाय कॉलिंग आत्ताच चालू करून ठेवा, म्हणजे शेजारच्या बँकेने किंवा ग्रामपंचायतीने सॅटेलाईटचं वायफाय उघडलं तर तुमचा फोन लागेल. मोठ्या आपत्तीत दूरसंचार खातं कंपन्यांना एकमेकांचे टॉवर उघडायला लावतं, तेव्हा रेंज नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडा, दुसऱ्या कंपनीचं धरतं का बघा. आणि तालुक्यात कोणाकडे व्हीसॅट आहे, कोणाकडे परवान्याचा सॅटेलाईट फोन आहे, तहसीलदार ऑफिस, पेट्रोल पंप, मोठी पतसंस्था, यांची यादी करून त्या माणसांशी पावसाआधी बोलून ठेवा, आमचा एक मेसेज पाठवाल का म्हणून. नाही म्हणणारा कोकणात सहसा भेटत नाही, फक्त आधी विचारलेलं असलं पाहिजे.